लोड बॅलन्सरवर पत्ता आणि पोर्ट जुळत नाहीत तेव्हा: एचएप्रॉक्सीवर दोष शोधायची पद्धत

शॉप.एक्झाम्पल.कॉम व्यवस्थित उघडतं. त्याच मशिनवर, त्याच सर्टिफिकेटवर, त्याच अ‍ॅपसाठी ८४४३ हा आणखी एक पोर्ट उघडला आणि शॉप.एक्झाम्पल.कॉम:८४४३ टाकलं, की ५०३ (सेवा उपलब्ध नाही). अ‍ॅप चालू आहे, सर्व्हर हिरवे दिसतायत, फायरवॉल मोकळी आहे. नवीन माणूस इथे अ‍ॅपचे लॉग उपसायला बसतो आणि तिथे काहीच सापडत नाही, कारण रिक्वेस्ट अ‍ॅपपर्यंत पोचलेलीच नसते. झालेलं असतं ते एवढंच: ४४३ वर ब्राउझर होस्ट हेडरमध्ये (कोणती साइट हवी ते सांगणारी रिक्वेस्टमधली ओळ) नुसतं नाव पाठवतो आणि ८४४३ वर नावापुढे कोलन देऊन पोर्टही जोडतो. लोड बॅलन्सरवरचा, म्हणजे रिक्वेस्ट घेऊन मागच्या सर्व्हरांकडे वाटणाऱ्या प्रोग्राममधला, नियम मात्र नुसत्या नावासाठी लिहिलेला असतो.

तुम्ही ब्राउझरच्या पट्टीत काय टाइप केलं हे लोड बॅलन्सरला कळत नाही. त्याच्या हाती काही स्ट्रिंग येतात आणि त्या तो नियमांशी ताडून बघतो. म्हणून नियमांना हात लावण्याआधी त्याच्या हाती नेमकं काय आलं ते बघायचं. हे न करता एकेक नियम बदलून रिलोड मारत बसलं, तर दुपार जाते आणि शेवटी कशाने चाललं तेही सांगता येत नाही.

खालचं सगळं एचएप्रॉक्सी हा लोड बॅलन्सर धरून लिहिलं आहे. एनजिनएक्स (वेब सर्व्हर, जो लोड बॅलन्सर म्हणूनही चालतो) आणि अ‍ॅमेझॉनचा अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सर जिथे वेगळे वागतात तिथे तसं सांगितलं आहे. कमांड आणि कॉन्फिगमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना नेहमीचं रोमन स्पेलिंगच वापरा. उदाहरणातला लोड बॅलन्सर १०.०.०.५ वर आहे, मागचे दोन अ‍ॅप सर्व्हर १०.०.०.११ आणि १०.०.०.१२ वर, दोन्हीकडे अ‍ॅप ८०८० वर ऐकतंय.

एका रिक्वेस्टमध्ये पत्ता किती ठिकाणी असतो

पहिला पत्ता टीसीपीचा: कोणत्या आयपीच्या कोणत्या पोर्टवर कनेक्शन आलं. एचएप्रॉक्सीत हे 'बाइंड' ओळीशी जुळतं. दुसरा एसएनआय, म्हणजे टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) हँडशेकमध्ये ब्राउझरने सांगितलेलं नाव. कोणतं सर्टिफिकेट दाखवायचं ते यावरून ठरतं. एसएनआयमध्ये पोर्ट कधीच नसतो. तिसरा होस्ट हेडर, ज्यात पोर्ट असू शकतो. एचटीटीपी/२ मध्ये याची जागा 'अथॉरिटी' घेतो, पण एचएप्रॉक्सी आतल्या आत त्याचा होस्ट करून देतो, त्यामुळे नियम तोच चालतो. चौथा पाथ, म्हणजे नावानंतरचा /एपीआय सारखा भाग.

हे चारही पत्ते एकमेकांशी सुसंगत असतीलच असं नाही. १०.०.०.५:४४३ वर कनेक्शन, एसएनआय एका नावाचा आणि होस्ट दुसऱ्याच नावाचा, अशी रिक्वेस्ट तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि प्रत्यक्षातही येते.

आणि हे झालं फक्त पुढच्या टप्प्याचं. लोड बॅलन्सर मागे अ‍ॅपकडे जातो तेव्हा पूर्ण नवं कनेक्शन उघडतो: नवा आयपी, नवा पोर्ट, हवं तर नवा टीएलएस. होस्ट हेडर मात्र एचएप्रॉक्सी जसा आला तसाच पुढे देतो. एनजिनएक्स तसं करत नाही. 'प्रॉक्सी_पास' मध्ये जे नाव लिहिलंय तेच तो डीफॉल्टने होस्ट म्हणून मागे पाठवतो. एकावरून दुसऱ्यावर आलेल्यांची इथे हमखास फसगत होते.

पहिली पायरी: लॉग वाचता येईल असा करा

फ्रंटएंडमध्ये (कॉन्फिगमधला बाहेरून येणारी कनेक्शनं घेणारा विभाग) 'ऑप्शन एचटीटीपीलॉग' आहे का बघा. त्याखाली ही एक ओळ घाला:

एचटीटीपी-रिक्वेस्ट कॅप्चर रेक.एचडीआर(होस्ट) लेन ६४

आता प्रत्येक लॉगच्या ओळीत महिरपी कंसात आलेला होस्ट दिसेल, पोर्टसकट. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

मग ५०३ च्या ओळीकडे नीट बघा. एचएप्रॉक्सीचा ५०३ ब्राउझरमध्ये एकसारखा दिसतो, पण लॉगमध्ये त्याचे चार प्रकार असतात आणि चारांचा इलाज चार ठिकाणी आहे. ओळीत आधी फ्रंटएंडचं नाव येतं (टीएलएस असेल तर नावामागे ~ हे चिन्ह), मग बॅकएंड (मागच्या सर्व्हरांचा गट) आणि सर्व्हर तिरप्या रेघेने जोडून, मग वेळेचे पाच आकडे, मग स्टेटस कोड, आणि पुढे चार अक्षरांचा शेवटाचा कोड.

वेब~ वेब/<नोएसआरव्ही> ०/-१/-१/-१/० ५०३ … एससी--

बॅकएंडच्या जागी फ्रंटएंडचंच नाव परत आलंय आणि सर्व्हरच्या जागी 'नोएसआरव्ही', म्हणजे कुठलाच 'यूज_बॅकएंड' नियम लागू झाला नाही आणि 'डीफॉल्ट_बॅकएंड' दिलेला नाही. होस्ट किंवा पाथ जुळला नाही. सर्व्हर, पोर्ट, फायरवॉल यांचा इथे काही संबंध नाही.

बॅकएंडचं खरं नाव आलंय पण सर्व्हर 'नोएसआरव्ही' असेल, तर नियम बरोबर लागला. त्या बॅकएंडमधले सगळे सर्व्हर हेल्थ चेकमध्ये (सर्व्हर जिवंत आहे का ते ठराविक वेळाने बघणारी तपासणी) पडलेले आहेत.

बॅकएंड आणि सर्व्हर दोन्हींची खरी नावं आहेत, वेळेचा तिसरा आकडा -१ आणि कोड 'एससी', तर सर्व्हर निवडला गेला पण त्याने कनेक्शन नाकारलं. चुकीचा पोर्ट हे पहिलं कारण. बॅकएंडमध्ये एकच सर्व्हर असेल तर हा ५०३ साधारण तीन सेकंद उशिरा येतो, कारण एचएप्रॉक्सी डीफॉल्टने तीनदा पुन्हा प्रयत्न करतो आणि दर वेळी सेकंदभर थांबतो.

पहिला 'एस' लहान लिपीतला असेल तर तो टाइमआउट. 'टाइमआउट कनेक्ट' इतका वेळ वाट पाहिली आणि समोरून हूं की चूं नाही. मधली फायरवॉल पॅकेट गिळतेय किंवा आयपीच चुकलाय. मोठ्या आणि लहान 'एस' मधला हा फरक लक्षात ठेवा, त्याने बराच वेळ वाचतो.

४०० आणि 'बॅडरेक' दिसलं तर बहुतेक वेळा साध्या पोर्टवर कोणीतरी टीएलएस बोलतंय. उलट, टीएलएसच्या पोर्टवर साधं एचटीटीपी आलं तर स्टेटस कोडच नसतो, फक्त एसएसएल हँडशेक फेल झाल्याची ओळ असते.

एनजिनएक्स लोड बॅलन्सर असेल तर कोड वेगळे: नकार आला की ५०२, वेळ संपली की ५०४, आणि एरर लॉगमध्ये अनुक्रमे १११ आणि ११० हे आकडे.

दुसरी पायरी: कर्लने पत्ते सुटे करून बघा

ब्राउझरने तपासू नका. तो कॅश करतो, जुनी कनेक्शनं वापरतो, स्वतःहून एचटीटीपीएसकडे वळतो. कर्ल हे कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणारं साधन वापरा, आणि 'व्ही' हा पर्याय देऊनच, म्हणजे पाठवलेलं प्रत्येक हेडर दिसेल.

इथे एक चूक सर्रास होते. डीएनएस अजून बदललेलं नसतं म्हणून लोक एचटीटीपीएस://१०.०.०.५ ला कर्ल मारतात आणि मोठ्या 'एच' पर्यायाने होस्ट हेडर देतात. होस्ट बरोबर जातो, पण यूआरएलमध्ये आयपी असल्यामुळे एसएनआय जातच नाही. लोड बॅलन्सर डीफॉल्ट सर्टिफिकेट दाखवतो, कर्ल कुरकुरतो, मग 'के' टाकून सर्टिफिकेटची तपासणी बंद केली जाते, आणि शेवटी जे तपासलं जातं ते ग्राहकाच्या रिक्वेस्टसारखं नसतंच. योग्य पर्याय 'रिझॉल्व्ह':

कर्ल -व्ही --रिझॉल्व्ह शॉप.एक्झाम्पल.कॉम:८४४३:१०.०.०.५ एचटीटीपीएस://शॉप.एक्झाम्पल.कॉम:८४४३/

यात एसएनआय, होस्ट आणि सर्टिफिकेटची तपासणी तिन्ही नावाप्रमाणे होतात, फक्त आयपी तुम्ही दिलेला. 'रिझॉल्व्ह'मधला पोर्ट आणि यूआरएलमधला पोर्ट एकच हवा. वेगळे असले तर कर्ल कुठलीही तक्रार न करता नेहमीच्या डीएनएसकडे जातो आणि तुम्ही भलत्याच मशिनची तपासणी करत राहता. 'व्ही'च्या आउटपुटमध्ये कोणत्या आयपीशी कनेक्शन झालं ती ओळ दर वेळी वाचा.

मग तीच रिक्वेस्ट लोड बॅलन्सरच्या मशिनवरून थेट मागे मारा: १०.०.०.११:८०८० ला, होस्ट हेडर देऊन. इथे साधं एचटीटीपी आहे, एसएनआयचा प्रश्न नाही, त्यामुळे मोठा 'एच' चालतो. ही रिक्वेस्ट लोड बॅलन्सरवरूनच मारायची; स्वतःच्या लॅपटॉपवरून अ‍ॅप सर्व्हर दिसला म्हणजे लोड बॅलन्सरलाही दिसेल असं नाही.

तिसरी पायरी: होस्टचा नियम

नवशिके लिहितात तो नियम असा असतो (एसीएल म्हणजे नाव दिलेली अट):

एसीएल होस्ट_शॉप एचडीआर(होस्ट) -आय शॉप.एक्झाम्पल.कॉम

ही पूर्ण, तंतोतंत जुळणी आहे. '-आय' मुळे लहान-मोठ्या लिपीचा फरक पडत नाही, पण :८४४३ जोडून आलं की नियम लागत नाही. इलाज तीन आहेत आणि तिन्ही सारखे नाहीत.

एक, दुसरी किंमत म्हणून पोर्टसकट नाव त्याच ओळीत द्यायचं. ठीक आहे, पण नवा पोर्ट उघडला की विसरायला होतं.

दोन, 'एचडीआर_डॉम(होस्ट)'. हा नाव टिंबांच्या आणि कोलनच्या सीमांवर शोधतो, त्यामुळे पोर्ट आला तरी जुळतो. जुन्या लेखांमध्ये हाच सुचवलेला असतो. पण तो शॉप.एक्झाम्पल.कॉम.दुसरंचकाही.नेट यालाही जुळतो. नुसत्या राउटिंगसाठी हे खपून जाईल. त्याच एसीएलवर अ‍ॅडमिन पॅनेलची परवानगी बेतली असेल तर अजिबात वापरू नका.

तीन, पोर्ट कापून मग तंतोतंत जुळणी. 'रेक.एचडीआर(होस्ट),फील्ड(१,:)' म्हणजे कोलनच्या आधीचा भाग. नव्या आवृत्त्यांमध्ये यासाठी 'होस्ट_ओन्ली' हा कन्व्हर्टरच आहे आणि तो चौकटी कंसातला आयपीव्ही६ पत्ताही नीट हाताळतो. 'फील्ड' तिथे पहिल्याच कोलनवर तुटतो. पर्याय असेल तर हाच घ्या.

शेवटाची जुळणी, 'एचडीआर_एंड(होस्ट) .एक्झाम्पल.कॉम', दोन ठिकाणी मार खाते: पोर्ट आला की शेवट बदलतो, आणि नुसतं एक्झाम्पल.कॉम आलं तर पुढचं टिंबच नसतं. टिंब काढून टाकलं तर नॉटएक्झाम्पल.कॉमही जुळायला लागतं. मुख्य डोमेनसाठी वेगळी ओळ लिहा.

एसीएलच्या नावांबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. एकाच नावाचे दोन एसीएल लिहिले की ते 'किंवा' होतात. एकाच 'इफ'पुढे दोन एसीएल शेजारी लिहिले की ते 'आणि' होतात. म्हणून होस्टचा आणि पाथचा एसीएल चुकून एकाच नावाने लिहिला, तर त्या होस्टची कुठलीही रिक्वेस्ट आणि त्या पाथची कुठल्याही होस्टची रिक्वेस्ट, सगळं त्याच बॅकएंडला जातं. कॉन्फिगची तपासणी यात काही चूक दाखवत नाही, कारण लिहिलंय ते वैध आहे.

एनजिनएक्समध्ये होस्टमधल्या पोर्टची कटकट जुळणीपुरती नाही. 'सर्व्हर_नेम' ताडताना तो पोर्ट सोडून देतो. तिथला घोळ निराळा: कुठलंच नाव जुळलं नाही तर तो एरर देत नाही, त्या पोर्टवरचा पहिला सर्व्हर ब्लॉक उत्तर देतो. भलतीच साइट उघडली तर कारण हेच. प्रत्येक पोर्टवर 'डीफॉल्ट_सर्व्हर' नेमून त्यातून ४४४ परत करा (म्हणजे उत्तर न देता कनेक्शन बंद), मग चुकीचं नाव लगेच उघडं पडतं.

देवनागरी डोमेन असेल, .भारत वगैरे, तर नियमात देवनागरी नाव लिहून चालणार नाही. ब्राउझर होस्टमध्ये त्याचं प्युनीकोड रूप पाठवतो, जे 'एक्सएन' आणि दोन डॅशनी सुरू होतं; .भारतचं एक्सएन--एच२बीआरजे९सी. लॉगमध्ये कॅप्चर केलेला होस्ट जसा दिसतो तसाच नियमात चिकटवा.

चौथी पायरी: पाथ

'पाथ_बेग /एपीआय' हा /एपीआयरी ला पण लागतो. नेमकं हवं असेल तर दोन किंमती द्या: '/एपीआय' साठी तंतोतंत जुळणी आणि '/एपीआय/' साठी सुरुवातीची. अ‍ॅमेझॉनच्या लोड बॅलन्सरवर गोष्ट उलटी आहे: /एपीआय/* हा पॅटर्न शेवटच्या तिरप्या रेघेशिवाय आलेल्या /एपीआय ला लागत नाही, तिथेही दोन्ही लिहावे लागतात. त्याच्याकडे होस्टच्या जुळणीत लहान-मोठ्या लिपीचा फरक चालतो, पाथच्या जुळणीत चालत नाही. नियम प्राधान्याच्या आकड्याप्रमाणे, लहान आकडा आधी, असे तपासले जातात.

'पाथ' ऐवजी 'यूआरएल_बेग' वापरलेले जुने कॉन्फिग एचटीटीपी/२ चालू केल्यावर अचानक मोडतात. एचटीटीपी/२ मध्ये 'यूआरएल' पूर्ण रूपात, योजना आणि होस्टसकट, येऊ शकतो, त्यामुळे तो /एपीआय ने सुरू होतच नाही. कर्लने एचटीटीपी/१.१ वर तपासलं तर चालतं, ब्राउझरवर नाही. 'पाथ'च वापरा, आणि क्वेरीही हवी असेल तर 'पाथक्यू'.

आता यातला सगळ्यात फसवा प्रकार. फ्रंटएंडमध्ये वर 'यूज_बॅकएंड एपीआय इफ पाथ_एपीआय' लिहिलं आणि त्याखाली 'एचटीटीपी-रिक्वेस्ट सेट-पाथ' ने /एपीआय कापून टाकलं. वाचताना क्रम बरोबर वाटतो. पण एचएप्रॉक्सी फाइलमधला क्रम काहीही असो, सगळे 'एचटीटीपी-रिक्वेस्ट' नियम आधी चालवतो आणि 'यूज_बॅकएंड' नंतर. म्हणजे बॅकएंड निवडायची वेळ येईपर्यंत /एपीआय पाथमधून गेलेलं असतं आणि नियम लागत नाही. सुरू होताना तो याबद्दल वॉर्निंग देतो, पण ती वाचतो कोण. पाथ बदलण्याची ओळ बॅकएंडच्या विभागात हलवा, झालं.

पाचवी पायरी: मागचा पोर्ट

सर्व्हरच्या ओळीत पोर्ट लिहिलाय ना ते आधी बघा. 'सर्व्हर अ‍ॅप१ १०.०.०.११' एवढंच लिहिलं असेल तर एचएप्रॉक्सी ग्राहक ज्या पोर्टवर आला त्याच पोर्टवर मागे जातो. ४४३ वर आलेला ४४३ वर, ८४४३ वर आलेला ८४४३ वर. हे मुद्दाम ठेवलेलं वैशिष्ट्य आहे, पण विसरून पोर्ट सुटला असेल तर 'एका पोर्टवर चालतं, दुसऱ्यावर नाही' असं विचित्र लक्षण दिसतं.

पोर्ट लिहिलाय आणि तरी नकार येतोय, तर अ‍ॅप सर्व्हरवर 'एसएस' कमांड एल, टी, एन, पी या पर्यायांसह चालवा. ८०८० समोर १२७.०.०.१ दिसलं की कारण सापडलं: अ‍ॅप फक्त स्वतःच्या मशिनवरच्या कनेक्शनना उत्तर देतंय. म्हणूनच तिथे लॉगिन करून लोकलहोस्टला कर्ल मारला की चालतं, आणि "माझ्याकडे तर चालतंय" हा वाद सुरू होतो. ०.०.०.० किंवा १०.०.०.११ वर ऐकायला लावा. बहुतेक फ्रेमवर्कचे डेव्हलपमेंट सर्व्हर डीफॉल्टने १२७.०.०.१ वरच बसतात.

डॉकर असेल तर '-पी ८०८०:३०००' मध्ये डावा पोर्ट यजमान मशिनचा, उजवा कंटेनरच्या आतला. एचएप्रॉक्सी बाहेरच्या मशिनवर असेल तर डावा. तो स्वतःच त्याच डॉकर नेटवर्कमध्ये कंटेनर म्हणून असेल तर उजवा. बाहेर काय पब्लिश केलंय याचा तिथे संबंध येत नाही. आणि कंटेनरच्या आत १२७.०.०.१ वर ऐकणारं अ‍ॅप पोर्ट पब्लिश करूनही बाहेरून मिळत नाही.

रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर आणखी एक अडथळा असतो. समजा अ‍ॅप ८०८१ वर आहे: कर्ल लोड बॅलन्सरवरून ८०८१ ला पोचतो, एचएप्रॉक्सी मात्र पोचत नाही. कर्ल तुमच्या शेलमधून चालतो, एचएप्रॉक्सी एसईलिनक्सच्या (कोणत्या प्रोसेसला काय करता येईल ते ठरवणारी लिनक्सची सुरक्षाव्यवस्था) कुंपणात. 'सेटएसईबूल -पी एचएप्रॉक्सी_कनेक्ट_एनी १' (पी मोठ्या लिपीतला) ने वाट मोकळी होते. एनजिनएक्ससाठी हेच काम 'एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट' करतो. एसईलिनक्सच सरसकट बंद करायचा सल्ला फार मिळतो. एक बूलियन (चालू-बंद सेटिंग) फिरवून काम होत असताना तसं करायचं कारण नाही.

मागचा पोर्ट टीएलएसचा असेल आणि सर्व्हरच्या ओळीत 'एसएसएल' शब्द नसेल, तर मागच्या एनजिनएक्सकडून ४०० येतो आणि त्यात चक्क लिहिलेलं असतं की साधी एचटीटीपी रिक्वेस्ट एचटीटीपीएस पोर्टवर पाठवली. 'एसएसएल' लिहिलं तरी बहुतेक आवृत्त्यांमध्ये एसएनआय आपोआप जात नाही, तो 'एसएनआय' पर्यायाने द्यावा लागतो. तो होस्ट हेडरवरून घेत असाल तर पोर्ट कापायला विसरू नका; :८४४३ लागलेलं नाव मागचा सर्व्हर ओळखणार नाही.

सहावी पायरी: हेल्थ चेकचा पत्ता वेगळा असतो

नुसतं 'चेक' लिहिलं की फक्त टीसीपी पोर्ट उघडा आहे का ते बघितलं जातं. पोर्टवर भलतंच अ‍ॅप बसलं असलं तरी हिरवं. 'ऑप्शन एचटीटीपीसीएचके' लावलं तर डीफॉल्ट रिक्वेस्ट 'ऑप्शन्स / एचटीटीपी/१.०' अशी जाते आणि तिच्यात होस्ट हेडर नसतो. जँगोसारखं फ्रेमवर्क अशा रिक्वेस्टला ४०० देतं, कारण 'अलाउड_होस्ट्स'च्या यादीत ते नाव नसतं. २०० ते ३९९ सोडून काहीही आलं की चेक नापास, आणि दर २ सेकंदांनी चेक, सलग ३ नापास झाले की सर्व्हर बाद, हे डीफॉल्ट असल्यामुळे अ‍ॅप ठणठणीत असूनही सहा-सात सेकंदांत सगळे सर्व्हर लाल. वर सांगितलेला ५०३ चा दुसरा प्रकार तो हाच. २.२ पासून पुढे 'एचटीटीपी-चेक सेंड' ओळीत मेथड, पाथ आणि होस्ट हेडर देता येतात. गेट, /हेल्थझेड आणि तुमचं खरं नाव द्या.

अ‍ॅमेझॉनच्या लोड बॅलन्सरच्या चेकमध्येही होस्ट म्हणून तुमचं डोमेन नसतं, आयपी असतो. तिथे अ‍ॅपमध्येच चेकचा पाथ होस्टच्या तपासणीतून वगळावा लागतो.

सातवी पायरी: उत्तरातून बाहेर पडणारा चुकीचा पोर्ट

रिक्वेस्ट पोचते, पण ब्राउझरच्या पट्टीत अचानक :८०८० दिसायला लागतं आणि पान लटकतं. मागे ८०८० वर एनजिनएक्स असेल तर हे त्याचंच काम. /डॉक्स ही डिरेक्टरी असेल तर तो ३०१ देऊन /डॉक्स/ कडे पाठवतो, आणि लोकेशन हेडरमध्ये स्वतःचा पोर्ट व साधं एचटीटीपी घालतो, कारण 'पोर्ट_इन_रीडायरेक्ट' डीफॉल्टने चालू असतो. 'अ‍ॅब्सोल्यूट_रीडायरेक्ट ऑफ' करा, म्हणजे लोकेशनमध्ये नुसता पाथ जाईल आणि ब्राउझर आहे त्याच नावावर, त्याच पोर्टवर राहील. ही सोय १.११.८ पासून आहे.

फिरत राहणारा रीडायरेक्ट हा दुसरा प्रकार. टीएलएस लोड बॅलन्सरवर संपतो, अ‍ॅपला साधं एचटीटीपी दिसतं, अ‍ॅप एचटीटीपीएसकडे पाठवतं, आणि पुन्हा तेच. एचएप्रॉक्सीत 'एसएसएल_एफसी' खरं असेल (म्हणजे ग्राहकाचं कनेक्शन टीएलएसवर आलं असेल) तर 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो'मध्ये एचटीटीपीएस आणि 'एक्स-फॉरवर्डेड-पोर्ट'मध्ये 'डीएसटी_पोर्ट' (कनेक्शन ज्या पोर्टवर आलं तो) भरा. 'अ‍ॅड-हेडर' नको, 'सेट-हेडर'. नाहीतर बाहेरून आलेली खोटी किंमतही सोबत जाते. मग अ‍ॅपला या हेडरवर विश्वास ठेवायला सांगावं लागतं: जँगोत 'सेक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर', एक्सप्रेसमध्ये 'ट्रस्ट प्रॉक्सी'. हा दुसरा अर्धा भाग राहून जातो आणि हेडर पोचूनही काही बदलत नाही.

लोड बॅलन्सरच्या पुढे आणखी एक लोड बॅलन्सर किंवा डॉकरचं पोर्ट मॅपिंग असेल तर 'डीएसटी_पोर्ट' आतला पोर्ट सांगतो. तिथे आकडा हाताने लिहिणंच बरं.

कर्लवर चालतं, ब्राउझरवर नाही

डोमेनवर एचएसटीएस (इथे फक्त एचटीटीपीएसनेच या, अशी ब्राउझरला दिलेली सूचना) लागू असेल तर ते नावावर असतं, पोर्टवर नाही. एकदा ते लक्षात ठेवलं की ब्राउझर एचटीटीपी://शॉप.एक्झाम्पल.कॉम:८०८० चं स्वतःच एचटीटीपीएस करतो आणि पोर्ट तोच, ८०८०, ठेवतो. साध्या पोर्टवर टीएलएस येतो, लॉगमध्ये 'बॅडरेक' आणि ४००. यात लोड बॅलन्सरची काही चूक नाही. त्या पोर्टवरही टीएलएस लावा किंवा चाचणीसाठी वेगळं डोमेन घ्या.

दुसरी खोड एचटीटीपी/२ ची. शॉप आणि एपीआय दोन्ही नावं एकाच आयपीवर आणि एकाच *.एक्झाम्पल.कॉम सर्टिफिकेटवर असली, तर ब्राउझर शॉपसाठी उघडलेलं कनेक्शनच एपीआयसाठी वापरतो. एसएनआय शॉपचा राहतो, होस्ट एपीआयचा येतो. 'एसएसएल_एफसी_एसएनआय'वर राउटिंग केलं असेल, किंवा टीसीपी मोडमध्ये (टीएलएस न उघडता कनेक्शन तसंच पुढे देताना) एसएनआय बघून बॅकएंड ठरवत असाल, तर रिक्वेस्ट चुकीच्या बॅकएंडला जाते, आणि तीही कधीकधीच; कोणतं पान आधी उघडलं त्यावर अवलंबून. एचटीटीपी मोडमध्ये होस्टवरच राउटिंग करा. टीसीपी मोड सोडता येत नसेल तर दोन नावांना वेगळी सर्टिफिकेटं द्या. मागच्या सर्व्हरने ४२१ (रिक्वेस्ट चुकीच्या सर्व्हरकडे आली) दिला, तर ब्राउझर नवं कनेक्शन उघडून पुन्हा प्रयत्न करू शकतो. अपाची एसएनआय आणि होस्ट जुळले नाहीत तर ४२१ देऊ शकतो.

६००० किंवा ६६६५ ते ६६६९ असे पोर्ट क्रोम आणि फायरफॉक्स उघडतच नाहीत. चाचणीसाठी पोर्ट निवडताना तेवढं बघा.

बदल लागू करताना

आधी 'एचएप्रॉक्सी -सी -एफ' पुढे फाइलचा मार्ग देऊन तपासणी, वॉर्निंग वाचून. मग रीस्टार्ट नाही, रिलोड. रिलोडनंतर जुनी प्रोसेस चालू कनेक्शनं संपेपर्यंत जिवंत राहते, आणि उघडी वेबसॉकेट असतील तर ती तासन् तास टिकू शकते. त्या कनेक्शनवरून येणाऱ्या रिक्वेस्टना जुनेच नियम लागतात. म्हणून नवा नियम तपासताना दर वेळी कर्लचं नवं कनेक्शन, आणि 'पीएस'मध्ये एचएप्रॉक्सीच्या जुन्या प्रोसेस किती उरल्यात त्यावर नजर. त्या फारच रेंगाळत असतील तर ग्लोबल विभागात 'हार्ड-स्टॉप-आफ्टर'ला मर्यादा द्या. पण ती संपली की उरलेली कनेक्शनं थेट तोडली जातात, तेव्हा तुमच्याकडची सगळ्यात लांब चालणारी डाउनलोड किंवा वेबसॉकेट किती वेळ घेते ते बघून आकडा ठरवा.